चढापलीकडचं घर

राष्ट्रपतींनी साध्या घरात राहायला जावं आणि राष्ट्रपती भवन लोकांच्या उपयोगाला द्यावं, हे आमच्या आत्याचं जुनं म्हणणं. विसाव्या शतकात या देशात उभ्या राहिलेल्या इमारतींत त्या भवनाच्या तोडीची दुसरी नाही आणि त्याचा वापर बदलायचं काही कारण नाही, हे दादाचं. आत्यानं सातारा जिल्ह्यातल्या शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवलं. दादा आर्किटेक्ट आहे. जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती हेच त्याचं काम. राष्ट्रपती भवनाचं उद्यान लोकांना खुलं असताना आम्ही तिघं दिल्लीत होतो आणि हा घरातला वाद प्रत्यक्ष जागेवर जाऊन झाला. मधे मधे माझंही मत येईल, कारण ऐकता ऐकता मी कुठल्या तरी बाजूला झुकत गेलेच.

सुरुवात विजय चौकात झाली.

दादा : आत्या, इथं थांब आणि सरळ पश्चिमेला बघ. काय दिसतं?

आत्या : उजव्या हाताला नॉर्थ ब्लॉक, डाव्या हाताला साउथ ब्लॉक. मधून वर गेलेला रस्ता. त्याच्या टोकाला घुमट.

दादा : आणि घर?

आत्या : घर कुठं दिसतंय? चढाआड गेलंय.

दादा : या सगळ्या आराखड्यातला सर्वांत मोठा दोष तो हाच. हे व्हाइसरॉयचं घर बांधणाऱ्या एडविन ल्युटेन्सच्या मनात होतं की लांबून येणाऱ्याच्या नजरेसमोर घर सतत राहावं. पण 1913 मध्ये त्यानं आणि ही दोन सचिवालयं बांधणाऱ्या हर्बर्ट बेकरनं मिळून ठरवलं की तीही रायसीना टेकडीवरच घ्यायची, घराच्याच पातळीवर. सचिवालयं पुढे आली आणि घर मागे सरकलं. रस्त्याचा चढ किती ठेवायचा याला ल्युटेन्सची संमती होती. काम पुढे गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं की चौकात उभ्या असलेल्या माणसाला आपलं घर दिसणारच नाही. मग चढ कमी करून घ्यायला तो वर्षानुवर्षं भांडला. व्हाइसरॉयकडे गेला, लंडनपर्यंत तक्रारी नेल्या. काही उपयोग झाला नाही. बेकरशी असलेली जुनी मैत्री मात्र त्यात गेली.

आत्या : मला तर हे ऐकून बरं वाटलं.

दादा : का?

आत्या : अरे, मी पोरांना इतकी वर्षं काय शिकवलं? कलम 53 म्हणतं, संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी. पुढे कलम 74 येतं आणि सांगतं, ती वापरायची मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं. हे दोन्ही एकदम कसं खरं असतं, ते नववीच्या पोराला समजावताना घाम फुटायचा. इथं ते दगडात बांधून ठेवलंय. समोर दोन्ही बाजूंना मंत्री आणि सचिव. राष्ट्रपती आहेत, पण मागे. घुमट दिसतो, दरवाजा दिसत नाही. पोरांना इथं आणून उभं केलं असतं तर माझं निम्मं काम झालं असतं.

दादा : पण ते कुणी ठरवून केलेलं नाही ना! बेकरला सचिवालयं घराच्या उंचीवर हवी होती ती नोकरशाहीचा मान राखायला. संसदीय लोकशाही त्याच्या मनातही नव्हती. विधिमंडळाची गोल इमारत मूळ आराखड्यात नव्हतीच, ती 1919 च्या सुधारणांनंतर मागाहून आली.

आत्या : मनात नव्हती, पण झाली ना?

इथे मी आत्याच्या बाजूची आहे. साहेबानं त्याच्या राज्यासाठी बांधलेली रचना पुढे प्रजासत्ताकाला कशी लागू पडली, हे बांधणाऱ्याच्या हेतूपेक्षा मला जास्त मोलाचं वाटतं. मात्र आता ती रचनाही बदलते आहे. मंत्रालयं नव्या कर्तव्य भवनांकडे हलू लागली आहेत आणि नॉर्थ ब्लॉक, साउथ ब्लॉक मिळून राष्ट्रीय संग्रहालय करायचं सरकारनं ठरवलं आहे. ते पूर्ण झालं की दोन संग्रहालयांच्या मागे एकटे राष्ट्रपती, असं चित्र उरेल. मग आत्याचा नागरिकशास्त्राचा धडा इथून दिसणार नाही. त्या दिवशी हे दोघांपैकी कुणाच्या बोलण्यात आलं नाही, पण माझ्या मनात ते तेव्हापासून आहे.

चढ चढून आम्ही माथ्यावर आलो. जयपूरच्या महाराजांनी भेट दिलेला 145 फुटांचा जयपूर स्तंभ लोखंडी फाटकाच्या आत उभा आहे. त्याच्या मागे इमारत आडवी पसरलेली. खाली लाल दगड, वर फिका पिवळसर. दोन्ही वालुकाश्म, राजस्थानच्या धौलपूर-भरतपूर भागातले. लाल संपून पिवळा सुरू होतो ती रेघ इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेही हललेली नाही.

दादा : ही रेघ बघ. अशी राखायला एकेका दगडाचा थर जमिनीपासून मोजत यावं लागतं. 70 कोटी विटा आणि 30 लाख घनफूट दगड आहे यात. पोलाद जवळजवळ नाहीच. त्या काळी नुसता दगड घडवायला इथं मोठं आवार होतं आणि तो आणायला रेल्वेचा खास फाटा टाकला होता. वीस हजारांवर माणसं कामाला, त्यांत सुमारे 3,000 पाथरवट. एवढे कुशल पाथरवट एका कामावर आपल्याकडे पुन्हा कधी जमले असतील असं मला वाटत नाही. इमारत साहेबाची म्हणतेस तू, पण हातोडी आणि छिन्नी कुणाची होती?

आत्या : हातोडी त्यांची, आणि जमीन कुणाची होती? ते आधी सांग.

दादा : मला माहीत आहे तू कुठं येणार.

आत्या : यायलाच पाहिजे. रायसीना हे टेकडीचं नाव नंतर, आधी गावाचं. रायसीना आणि मालचा. 1911 च्या डिसेंबरात पंचम जॉर्जनं दरबारात राजधानी कलकत्त्याहून हलवल्याचं जाहीर केलं, तीन दिवसांत पायाचे दगडही बसवले, तेही उत्तरेला, दरबाराच्या छावणीजवळ. पुढे तज्ज्ञांच्या समितीनं ती जागा नाकारली, ही टेकडी पसंत केली, आणि ते दगड उचलून इकडे आणले. राजानं बसवलेले दगड हलवता आले. शेतकऱ्यांना मात्र कुणी विचारलं नाही. 1894 चा भूसंपादन कायदा लावला आणि सुमारे 300 कुटुंबं उठवली. मालच्याच्या लोकांचे वंशज हरियाणात सोनीपतकडे आहेत. मोबदल्याचं भांडण शंभर वर्षांनीसुद्धा त्यांनी सोडलेलं नाही.

दादा : शंभर वर्षांपूर्वीचा अन्याय आहे. आता इमारत रिकामी करून तो भरून निघेल?

आत्या : शंभर वर्षांपूर्वीचा कायदा म्हण हवं तर, अन्याय जुना म्हणू नकोस. तोच 1894 चा कायदा स्वातंत्र्यानंतरही आपल्या सरकारनं वापरला. 2013 साली नवा कायदा झाला आणि 2014 पासून लागू झाला. तोवर धरणं, कारखाने, सगळं त्याच्यावर. तुझ्या काकांचं गाव धरणात गेलं ते त्याच कायद्यानं. देवळाचा कळस पाण्याखाली जाताना सासूबाई काठावर उभ्या होत्या. त्यामुळे इथं उभं राहिलं की मला पहिल्यांदा मालचा दिसतो, तुझी दगडाची रेघ नंतर.

दादा यावर काही बोलला नाही आणि मीही नाही. पुढे आतल्या संग्रहालयात गेलो. जुन्या तबेल्यांच्या आणि गॅरेजच्या जागेत केलेलं हे संग्रहालय पाहण्यासारखं आहे. तिथे राष्ट्रपतींना मिळालेल्या भेटवस्तू, बग्ग्या, जुने फोटो असं पुष्कळ काही मांडलेलं आहे. रायसीना आणि मालचा या गावांना तिथे एक अख्खं दालन मिळावं, असं माझं म्हणणं आहे. त्यात गावांचे नकाशे असावेत, शेतांची मोजणी असावी, उठवलेल्या कुटुंबांची नावं असावीत. भूसंपादनाचे कागद जपून ठेवण्यात इंग्रज सरकार वाकबगार होतं, तेव्हा सामग्री नाही असं होणार नाही.

मुख्य इमारतीत शिरण्याआधी दादानं आम्हाला एका खांबाशी थांबवलं. खांबाच्या माथ्याला चारी कोपऱ्यांवर चार घंटा आहेत, दगडाच्या. कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या जैन मंदिरावरून ही कल्पना घेतली असं सांगतात. जवळून पाहिलं तर घंटेची कड नीट गोल करून आणलेली आहे, वरच्या पाकळ्या सुट्या दिसतात. पण आत पोकळी नाही, भरीव दगड.

दादा : घंटा वाजल्या की राज्य बुडतं, म्हणून ल्युटेन्सनं न वाजणाऱ्या घंटा केल्या, अशी गोष्ट सांगतात.

आत्या : त्यानं बांधायला घेतलं 1912 ला, व्हाइसरॉय आयर्विन राहायला आला 1929 ला. आपल्या सांगलीचा आयर्विन पूल ज्याच्या नावाचा, तोच तो, पूलही त्याच साली झालेला. आणि 1947 ला सगळं आवरलं. सतरा वर्षं बांधलं, अठरा वर्षं राहिले.

दादा : अगदी बरोबर! हे माझ्या बाजूचं आहे, आत्या. अठरा वर्षं आणि पाच व्हाइसरॉय. आपले राष्ट्रपती इथं 1950 पासून आहेत. ज्या घरात बांधणारा अठरा वर्षं राहिला आणि आपण पंचाहत्तर वर्षं राहिलो, ते घर कुणाचं? आणि घडणही बघ. ल्युटेन्सला इथल्या वास्तुकलेबद्दल आदर नव्हता, त्याच्या पत्रांत तो काय काय बोललाय ते वाचवत नाही. व्हाइसरॉय हार्डिंगनं आग्रह धरला म्हणून त्याला आपल्याकडचं घ्यावं लागलं. पण एकदा घेतल्यावर त्यानं ते वरून चिकटवलेलं नाही. घुमटाभोवतीचा कठडा सांचीच्या स्तूपाचा. छज्जा पुढे इतका काढलाय की मे महिन्यात भिंतीवर सावलीचा पट्टा पडतो आणि दगड तापत नाही. जाळीतून वारा येतो, ऊन गाळून येतं. आमच्या पिढीनं दिल्लीत काचेच्या इमारती बांधल्या आणि आत एसी कोंबले. या माणसाकडून, त्याचे विचार बाजूला ठेवून, अजून शिकण्यासारखं आहे.

आत्या : त्याची कारागिरी मी नाकारतच नाही. ताजमहालात कुणी राहतं का? उत्तम इमारत आहे म्हणूनच ती सगळ्यांची असायला हवी.

मग आत दरबार हॉल; त्याचं नाव 2024 पासून गणतंत्र मंडप आहे. घुमटाखालची ही गोल खोली. जैसलमेरी पिवळ्या दगडाचे खांब, पांढरी आणि तपकिरी संगमरवरी जमीन, आणि 33 मीटर उंचीवरून सोडलेलं दोन टनांचं झुंबर. इथेच 15 ऑगस्ट 1947 ला पहिल्या मंत्रिमंडळानं शपथ घेतली आणि 26 जानेवारी 1950 ला डॉ. राजेंद्र प्रसादांनी. व्हाइसरॉय आणि त्याच्या पत्नीची सिंहासनं जिथे होती त्या बाजूला आता राष्ट्रपतींची खुर्ची असते आणि तिच्यामागे पाचव्या शतकातला, गुप्तकाळातला उभा बुद्ध. उजवा हात अभयमुद्रेत. चेहरा खाली झुकलेला, डोळे अर्धे मिटलेले, आणि अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या इतक्या बारीक की दगड ओला असावा असं वाटतं. सभोवतीच्या सगळ्या भव्यतेत या मूर्तीकडे पाहताना मान वर करावी लागत नाही, हे मला फार आवडलं.

आत्या : हा बुद्ध इथं कसा आला माहीत आहे?

दादा : तू सांग.

आत्या : 1947-48 च्या हिवाळ्यात लंडनला भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन झालं. देशभरातल्या संग्रहालयांनी आपापल्या वस्तू त्यासाठी दिल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा ठरलं की आपापल्या गावी पाठवण्याआधी दिल्लीत लोकांना दाखवाव्यात. कुठं दाखवायच्या? इथं, या घराच्या मोठ्या दालनांत. मग त्यातूनच राष्ट्रीय संग्रहालयाची कल्पना पक्की झाली आणि 15 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजाजींच्या हस्ते याच इमारतीत त्याचं उद्घाटन झालं. जनपथवरची इमारत 1960 ची. तोपर्यंत देशाचं संग्रहालय या घरात होतं! बाहेर दोन खांबांच्या मधे रामपुरव्याचा बैल पाहिलास ना, सम्राट अशोकाच्या काळचा, चंपारणातला? तोही त्याच दिवसांतला. तेव्हा मी काही जगावेगळं मागत नाही. हे घर लोकांचं करून झालेलं आहे, नंतर ते पुन्हा बंद झालं.

ही माहिती दादाला नवी होती, आणि मलाही. माझं मत इथेच आत्याकडे कलायला लागलं.

दादा : पण गांधीजींचं म्हणणं तर रुग्णालय करा असं होतं. तू त्याच्या बाजूची होतीस.

आत्या : अजून आहे. माउंटबॅटनना त्यांनी सांगितलं होतं, साध्या घरात राहायला जा आणि हे रुग्णालयाला द्या. फाळणीच्या दिवसांत दिल्लीत निर्वासितांचे तांडे येत होते, तेव्हा तर ते करायलाच हवं होतं. आणि गांधीजी या घराला नवखे नव्हते. 1931 च्या फेब्रुवारीत नव्या दिल्लीच्या उद्घाटनाचा समारंभ झाला आणि आठवडाही गेला नाही तोच ते आयर्विनशी बोलणी करायला या पायऱ्या चढले. तिकडे चर्चिलचा संताप झाला तो त्या पायऱ्या चढण्यावरूनच, पंचा नेसलेला माणूस बादशहाच्या प्रतिनिधीशी बरोबरीच्या नात्यानं बोलतो म्हणून.

दादा : मला गांधीजींबद्दल पूर्ण आदर आहे, पण मी इमारतीचा माणूस आहे. रुग्णालयाला काय लागतं? एकमेकांना लागून वॉर्ड, लवकर धुता येईल अशी जमीन, थोडक्या अंतरात डॉक्टर. इथं 340 खोल्या आणि अडीच किलोमीटरचे व्हरांडे आहेत. निम्मे जिने समारंभासाठी. रोगी एका टोकाला आणि ऑपरेशन थिएटर दुसऱ्या टोकाला. इमारतही गेली असती आणि रोगीही.

आत्या : बरं, रुग्णालय राहू दे. ग्रंथालय चालेल? कलकत्त्याचं बेल्व्हेडिअर हाऊस घे. तेही लाटसाहेबाचंच घर. स्वातंत्र्यानंतर तिथं राष्ट्रीय ग्रंथालय गेलं, 1953 मध्ये लोकांना खुलं झालं. सिमल्याची व्हाइसरीगल लॉज घे. ती तर राष्ट्रपतींच्याच ताब्यात होती. डॉ. राधाकृष्णन राष्ट्रपती असताना ती अभ्यासकांना दिली, 1965 मध्ये तिथं उच्च अध्ययन संस्था सुरू झाली. कुणाचं काय बिघडलं? एका घरात वाचक बसतात, दुसऱ्यात विद्वान बसतात. तिसरं तेवढं राहिलं.

दादा : पण देशाला आपलं एक घर लागतं की नाही? परदेशचा राष्ट्राध्यक्ष येतो, त्याला मानवंदना इथल्या प्रांगणात देतात. नव्या पंतप्रधानांचा शपथविधी इथं होतो. ते हॉटेलात करणार? मला वाटतं प्रजासत्ताकानं संकोचून राहू नये. आपल्या शेतकऱ्याचं पोर, शिक्षिकेचा पेशा केलेली आदिवासी बाई, जळगावकडच्या प्रतिभाताई, रामेश्वरमच्या नावाड्याचा मुलगा, ही माणसं त्या पायऱ्या मालक म्हणून चढली यात मोठा अर्थ आहे. घर सोडून दिलं असतं तर तो गेला असता.

दादाचा हा मुद्दा मला नुसता सुंदर वाटला असं नाही, तो खरा आहे. नावाड्याच्या मुलानं, डॉ. कलामांनी, आपले नातेवाईक इथे पाहुणे म्हणून आले तेव्हा त्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च स्वतःच्या खिशातून भरला, ही हकीकत त्यांच्या सचिवांनी लिहून ठेवली आहे. घर मोठं असलं म्हणून राहणारा बदलतोच असं नाही.

पण मला सगळ्यांत जवळची वाटते ती राजाजींची वागणूक. 1948 च्या जूनमध्ये ते गव्हर्नर जनरल झाले, या घरात राहायला आलेले पहिले भारतीय. व्हाइसरॉयच्या खासगी दालनांत राहायला त्यांनी नकार दिला आणि दुसऱ्या बाजूच्या लहान खोल्या घेतल्या. नंतरचे राष्ट्रपतीही तिकडेच राहिले आणि व्हाइसरॉयची दालनं पाहुण्या राष्ट्राध्यक्षांसाठी ठेवली गेली. अन्नटंचाई होती तेव्हा त्यांनी आवाराच्या एका भागात नांगर घालून गहू पेरला. मी दोघांना म्हटलं, तुमचा वाद राजाजींनी तेव्हाच पुष्कळसा मिटवलाय. राहायला काही खोल्या पुरतात. दादाला हवे आहेत ते समारंभ वर्षातले मोजके दिवस होतात. उरलेल्या दिवसांत 1949 सारखं संग्रहालय त्या दालनांत का नको?

दादा : लोक येतातच की. आपण नाही आलो? आठवड्यातून ठरलेले दिवस सहली असतात, शनिवारी प्रांगणात अंगरक्षकांचं पहारा बदलणं पाहायला मिळतं.

आत्या : रांगेनं, वाटाड्यामागून, थांबू नका म्हणत. बुद्धासमोर मला बसायचं होतं. बसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी उद्यान. नॉर्थ अव्हेन्यूच्या बाजूच्या 35 क्रमांकाच्या फाटकातून आत गेलो. 2023 पर्यंत मुघल गार्डन म्हणत, आता अमृत उद्यान. घरामागचा चौकोनी भाग पंधरा एकरांत, आराखडा ल्युटेन्सचा आणि लागवड विल्यम मस्टो या बागतज्ज्ञाची, 1928-29 मधली. उत्तर-दक्षिण दोन पाट, पूर्व-पश्चिम दोन पाट, जिथे छेदतात तिथे कमळाच्या पानांसारख्या दगडी थाळ्या एकावर एक, त्यांतून उसळतं पाणी. काश्मीरच्या बागांवरून घेतलेली ही रचना फेब्रुवारीत शंभराहून जास्त जातींच्या गुलाबांनी भरलेली असते. गुलाबांबद्दल एवढंच. माझं लक्ष दुसऱ्याच झाडांवर खिळलं होतं. पाटांच्या कडेनं ओळीनं बकुळी आहेत, आणि एकेकीचा माथा कातरून छत्रीसारखा गोल केलेला. पानं दाट, काळपट हिरवी, चकचकीत. बकुळ मी कोकणात देवळाच्या आवारात हवी तशी वाढलेली पाहिली आहे, तिचा असा गणवेश पाहून जीव थोडा कळवळला.

आत्या : यांना बहर कधी?

माळी शेजारी वाफा सारखा करत होता. त्यानं सांगितलं, उन्हाळ्यात.

आत्या : म्हणजे फाटक बंद झाल्यावर!

दादा : आत्या, हे 330 एकरांचं आवार म्हणजे काही मोकळं रान नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या दीडपट जागा आहे, मान्य; पण तिच्यात कर्मचाऱ्यांच्या चाळी आहेत, शाळा आहे, दवाखाना आहे, पोस्ट आहे, घोड्यांचे तबेले आहेत. हजारो माणसं राहतात इथं. बंगल्याभोवतीची शोभेची बाग असं तिच्याकडे बघू नकोस.

आत्या : मग तर आणखी सोपं. जिथं हजारो माणसं राहतात तिथं दिवसा आणखी हजार आली तर बिघडेल काय? मेच्या उन्हात दिल्लीत दुपारी टेकायला सावली मिळत नाही. रस्त्यावर डांबर ओतणारी बाई कुठं बसते ते पाहिलंस काल? हे बांधतानाही बाया होत्या, राजस्थानातून आलेल्या, डोक्यावर टोपल्या वाहणाऱ्या. त्यांच्या नातींना बकुळीखाली बसायला मिळालं पाहिजे. माझं म्हणणं इतकंच असतं तर तुला पटलं असतं का?

दादा : बागेचं पटलं असतं. घराचं नाही.

आत्या : मी घराचं सोडलेलं नाही. बागेपासून सुरुवात करू म्हणते.

दादा : सुरक्षेचं काय?

इथे मी मधे पडले. राष्ट्रपतींच्या इतर निवासस्थानांपैकी दोन घ्या, हैदराबादजवळ बोलारमचं राष्ट्रपती निलयम आणि सिमल्याजवळ मशोब्र्याचं. दोन्ही 2023 पासून वर्षभर लोकांना खुली आहेत. राष्ट्रपतींचा मुक्काम असेल तेवढे दिवस सोडून. तिथे सुरक्षेचा मार्ग निघाला. दिल्लीत राष्ट्रपती कायम राहतात, म्हणून तो अवघड असेल, पण पंधरा एकर बाग आणि राहत्या खोल्या यांच्यात भिंती, फाटकं, पहारे सगळं आधीपासूनच आहे. महिना-दोन महिने लाखो लोक येऊन जातात आणि व्यवस्था कोलमडत नाही. जी व्यवस्था फेब्रुवारीत चालते ती मेमध्ये का चालणार नाही, याचं उत्तर दादाकडेही नव्हतं.

दादा : एक अडचण खरी आहे. ही हरळी. मूळ हिची कलकत्त्याहून आणलेली आहे, बेल्व्हेडिअरच्या आवारातली.

आत्या : ते ग्रंथालय झालं, तेच बेल्व्हेडिअर?

दादा : तेच. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर इथली सगळी हरळी उलटतात, नवी माती पसरतात आणि ती पुन्हा धरायला तीन आठवडे लागतात. त्या दिवसांत पाय पडला तर वर्षाची मेहनत वाया.

आत्या : मग ते तीन आठवडे बंद ठेवा की. माळ्यांना त्यांचं काम करू द्या. माझं भांडण उरलेल्या महिन्यांचं आहे.